आमवात आणि मानेचे मणके

आमवाताचे नाव घेताच सुजलेली, वाकडी झालेली हाताची बोटे डोळ्यांसमोर येतात. परंतु हाच आजार मानेच्या मणक्यांपर्यंतही पोहोचू शकतो आणि तिथे त्याचा परिणाम वेदनेपुरता मर्यादित न राहता हातांची पकड, चालणे, लघवीवरील ताबा आणि क्वचित प्रसंगी श्वासोच्छ्वास यांवरही होऊ शकतो, याची जाणीव रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना फार कमी असते.

वैद्यकशास्त्र ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणते आणि मराठीत ज्याला सामान्यतः आमवात म्हटले जाते, त्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या आतील अस्तरावर हल्ला करते. उतारवयात झिजेमुळे होणाऱ्या गुडघेदुखीपेक्षा हा आजार वेगळा असून तो अनेकदा ऐन कर्त्या वयात सुरू होतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक जडतो आणि सकाळी उठल्यावर बराच वेळ सांधे आखडून राहणे हे त्याचे प्रमुख लक्षण असते.

ग्रामीण महाराष्ट्रात हा आजार किती आढळतो, याचे विश्वसनीय उत्तर पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्याच्या शेजारीच मिळाले. दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या पुण्यातील सहकाऱ्यांनी 1996 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमानुसार, घरोघरी जाऊन सांध्यांच्या विकारांची पाहणी केली. तीत 4092 प्रौढांची चौकशी झाली, त्यांपैकी 18.2 टक्के लोकांना सांधे, स्नायू किंवा हाडांचा काही ना काही त्रास होता आणि आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. हे प्रमाण वरवर किरकोळ वाटते. परंतु 2011 च्या जनगणनेनुसार याच जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांपैकी प्रत्येकाची लोकसंख्या पावणेचार लाखांहून अधिक होती, हे लक्षात घेऊन तेच प्रमाण तिथे लावले, तर प्रत्येक तालुक्यात या आजाराचे हजाराहून अधिक रुग्ण असावेत असा अंदाज निघतो.

आमवात नेमका मानेलाच का गाठतो, हे समजण्यासाठी मानेची रचना पाहावी लागते. डोक्याचा भार पेलणारा पहिला मणका कड्यासारखा असतो आणि दुसऱ्या मणक्यातून वर आलेला हाडाचा सुळका त्या कड्याच्या पुढच्या भागात बसलेला असतो. जात्याचा वरचा दगड मधल्या खुंटीभोवती फिरावा, तसा पहिला मणका या सुळक्याभोवती फिरतो, म्हणून मान डावी-उजवीकडे वळवता येते. सुळक्याला जागेवर धरून ठेवणारा एक मजबूत अस्थिबंध त्याच्या मागून आडवा गेलेला असतो आणि त्याच्या लगेच मागे मज्जारज्जू, म्हणजे मेंदूकडून शरीराकडे जाणाऱ्या चेतातंतूंचा जाड दोर असतो. येथील सांध्यांना बोटांच्या सांध्यांप्रमाणेच आतून अस्तर असल्यामुळे आमवाताची सूज तिथेही येते, अस्थिबंध सैल पडतो, सुळका झिजतो आणि मान पुढे वाकवताना पहिला मणका पुढे सरकून मज्जारज्जूवर दाब येऊ लागतो. कंबरेच्या मणक्यांना आमवात थेट क्वचितच धरतो. मात्र दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याने हाडे ठिसूळ होऊन पाठीचा किंवा कंबरेचा मणका दबण्याची भीती असते, म्हणून अशा रुग्णाची अचानक उद्भवलेली पाठदुखीही दुर्लक्षू नये.

मानेच्या वरच्या टोकाला आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दुखणे हे बहुधा पहिले लक्षण असते. मान वाकवताच पाठीतून हातापायांत विजेसारखा झटका जाणे, शर्टाची बटणे लावताना किंवा भाकरी थापताना बोटे न ऐकणे, पाय अडखळणे आणि लघवीवरचा ताबा सुटणे ही मज्जारज्जूवरील दाबाची चिन्हे असून त्यांसाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठले पाहिजेत. काही रुग्णांत मात्र मणका सरकूनही कोणतेच लक्षण दिसत नाही, म्हणून जुन्या आमवातात मान पुढे वाकवून आणि मागे झुकवून काढलेले साधे एक्स-रे उपयोगी ठरतात. कडे आणि सुळका यांमधील पुढचे अंतर प्रौढांत 3 मिलिमीटरपेक्षा अधिक असल्यास ते असाधारण मानले जाते, तर सुळक्यामागे मज्जारज्जूसाठी उरलेली जागा 14 मिलिमीटरहून कमी झाल्यास धोका वाढतो. अशा वेळी एमआरआय करून दाबाची खात्री केली जाते.

शिरूर-दौंडच्या ऊस आणि कांद्याच्या पट्ट्यात चाऱ्याचे भारे डोक्यावरून वाहणे, दुखरी मान चोळून घेणे किंवा केशकर्तनालयात ती झटक्याने मोडून घेणे हे प्रकार अंगवळणी पडलेले आहेत. आमवाताच्या रुग्णाने ते पूर्णपणे टाळावेत. गुडघ्याची असो वा अन्य कोणतीही शस्त्रक्रिया असो, भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी मान हलवावी लागत असल्याने, आपल्याला आमवात आहे हे भूलतज्ज्ञाला आधीच सांगितले पाहिजे.

उपचारांबाबत निराश होण्याचे कारण नाही, कारण मेथोट्रेक्सेटसारखी औषधे वेळेवर सुरू केल्यास मणक्यांची हानी बऱ्याच अंशी टाळता येते. मात्र आमवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, ते रोज घेणे जीवघेणे ठरू शकते आणि त्यासोबत रक्ततपासण्या आवश्यक असतात. मणके अस्थिर होऊन मज्जारज्जूवर दाब आलाच, तर शस्त्रक्रियेने पहिले दोन मणके एकमेकांशी जोडले जातात. यासाठी पट्टी आणि स्क्रू वापरण्याची एक पद्धत मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केली आणि तिचा व तिच्या सुधारित रूपाचा वापर आज जगभर होतो.

हे ज्ञान आणि हे उपचार महाराष्ट्रातच उपलब्ध असताना, मानेचे दुखणे अंगावर काढल्यामुळे कोणाला अपंगत्व यावे हे कोणत्याही प्रकारे समर्थनीय नाही. म्हणून घरात आमवाताचा रुग्ण असेल, तर पुढच्या भेटीत बोटांबरोबर त्याच्या मानेचीही तपासणी करण्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे.