नाक मोठं नाही, फोन जवळ आहे!

आधी एक छोटासा प्रयोग करा. फोन चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर धरून एक सेल्फी काढा. मग तोच फोन मित्राच्या हातात द्या, त्याला पाच फूट मागे जायला सांगा आणि तिथून थोडं झूम करून तुमचा फोटो काढायला लावा. आता दोन्ही फोटो शेजारी ठेवा आणि फक्त नाक बघा. झालं ना लहान?

यात जादू काही नाही, साधं अंतराचं गणित आहे. फोन फूटभरावर असतो तेव्हा कानांच्या मानाने नाकाचा शेंडा कॅमेऱ्याच्या बराच जवळ असतो. जवळची वस्तू मोठी दिसते, म्हणून नाक फुगतं आणि कान मागे सरकतात. पाच फुटांवरून हा फरक जवळपास जाणवत नाही. बोरिस पास्कोव्हर या अमेरिकेतल्या सर्जनने सहकाऱ्यांसोबत २०१८ मध्ये याचा हिशेब मांडला. पाच फुटांवरच्या फोटोच्या तुलनेत फूटभरावरच्या सेल्फीत नाक चेहऱ्याच्या मानाने सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. हा हिशेब करायची वेळ का आली? तर पेशंट सेल्फी दाखवून ‘नाकाचं काहीतरी करा’ म्हणत होते!

हसू नका. आमच्या बॅचमधली एक मैत्रीण ऑनलाइन इंटरव्ह्यूत पूर्ण वेळ कोपऱ्यातल्या स्वतःच्याच चौकटीकडे बघत राहिली. ‘त्यांनी काय विचारलं तेच कळलं नाही गं, मला माझं नाकच दिसत होतं,’ असं नंतर म्हणाली. महिन्याभरात तिने सर्जरीचा खर्च विचारूनही ठेवला. कॉलेजमध्ये तीन वर्षं रोज भेटणाऱ्या आम्हा कुणालाही तिच्या नाकात कधी काही खटकलं नव्हतं.

दुसरी गंमत आरशाची. आपण स्वतःला लहानपणापासून आरशात, म्हणजे उलटं बघत आलोय. भांग, तीळ, वाकडं हसू, सगळं विरुद्ध बाजूला. १९७७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. त्यात बहुतेकींना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला, आणि त्यांच्या जवळच्या माणसांना सुलटा. ज्याला जे बघायची सवय, त्याला ते छान वाटतं. त्यामुळे दुसऱ्याने काढलेल्या फोटोत ‘शी, मी अशी दिसते?’ वाटलं, तर दोष चेहऱ्याचा असेलच असं नाही. तो चेहरा फक्त तुमच्या सवयीचा नाही.

त्यात वर फिल्टरचा थर. नाक बारीक, डोळे मोठे, रंग दोन छटा उजळ. आता उजळपणाचं वेड काही इन्स्टाने आणलेलं नाही. लग्नाच्या बायोडेटात ‘रंग: निमगोरा’ लिहिणारी माणसं आपलीच आहेत. पण ‘जरा काळवंडलीस गं’ हा टोमणा पूर्वी लग्नाकार्यात भेटणाऱ्या एखाद्या काकूकडून यायचा आणि तिथेच संपायचा. आता तो रोज आपल्याच खिशातून येतो, आणि तोही आपलाच चेहरा ‘सुधारून’ दाखवत. फिल्टर काढला की खरा चेहरा उगाच उतरलेला वाटतो.

मग काय, सेल्फी बंद? मुळीच नाही! फक्त तिच्याकडे पुरावा म्हणून बघू नका. इंटरव्ह्यूला झूमवर ‘हाइड सेल्फ व्ह्यू’ करा. समोरच्याला तुम्ही दिसत राहता, तुमचं लक्ष मात्र प्रश्नाकडे राहतं. आणि हेही आठवा, की कट्ट्यावर समोर बसलेला दोस्त तुम्हाला फूटभरावरून, एका क्षणात गोठवून बघत नसतो. तो तुम्हाला बोलताना, चिडताना, वडापाव खाताना बघत असतो.

एवढं करूनही नाकाबद्दल काही ठरवायचंच असेल, तर निदान पाच फुटांवरून बघून ठरवा.