शाळेच्या संगणकाला कुलूप कशाला?

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर दोन प्रकारची रहदारी नित्य दिसते. एक कापडाच्या गाठी आणि सूत वाहणाऱ्या टेम्पोंची, दुसरी बी.एन.एन. महाविद्यालयाकडे व आसपासच्या शाळांकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांची. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु शाळेतील संगणकावर कोणते सॉफ्टवेअर असावे, या प्रश्नाचा विचार करताना भिवंडीच्या यंत्रमागाइतका चांगला गुरू दुसरा मिळणार नाही.

माग अडला की मालक जॉबरला बोलावतो. जॉबर माग उघडतो, झिजलेला भाग काढून दुसरा बसवतो, वेळ पडल्यास तो इथेच घडवून घेतो. कापडाची वीण बदलायची तर डॉबीच्या खुंट्यांची मांडणी बदलतो. या कशासाठीही त्याला माग बनवणाऱ्याची परवानगी मागावी लागत नाही. उस्तादाच्या हाताखाली राहून पोरगा ही विद्या शिकतो, कारण यंत्र त्याच्या डोळ्यांसमोर उघडे असते.

संगणकाचे मूळही मागातच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून नक्षी विणणारा माग सिद्ध केला. यंत्राला लिखित आज्ञा देण्याचा तो आरंभकाळच म्हणावा लागेल. पुढच्या एकदोन वर्षांतच फ्रेंच सरकारने हा शोध सार्वजनिक मालमत्ता म्हणून जाहीर केला आणि जकार्डला निवृत्तिवेतन व प्रत्येक मागामागे मानधन दिले. १८१२ पर्यंत फ्रान्समध्ये असे सुमारे ११ हजार माग चालू झाले होते. विद्या सर्वांची झाली, आणि म्हणून विद्वान उपाशी राहिला नाही.

मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरमागील विचार याहून फारसा वेगळा नाही. अशा सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, दुरुस्त करता येते, तिच्या प्रती वाटता येतात. आणि हे सारे परवान्यानेच दिलेले अधिकार असतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या उद्देशाने 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली; १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. इंग्रजीत मुक्त आणि फुकट यांना एकच शब्द असल्याने तेथे मोठा घोटाळा होतो. मराठीत तसा होण्याचे कारण नाही. फुकट मिळणे ही सोय आहे. मुक्त असणे हा हक्क आहे.

शिक्षकांना या हक्काचे काय, असे कोणी विचारील. पहिली गोष्ट सचोटीची. परवान्याचे पैसे नाहीत म्हणून चोरटी प्रत बसवायची आणि त्याच वर्गात मूल्यशिक्षणाचा तास घ्यायचा, ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही. दुसरी गोष्ट काटकसरीची. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्यापुढची आवृत्ती कित्येक जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. पालकांच्या वर्गणीतून वा देणगीतून आलेले धडधाकट संगणक केवळ एवढ्यासाठी भंगारात जावेत काय? लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या अशा यंत्रांना आणखी काही वर्षे कामाला लावू शकतात.

तिसरी गोष्ट भाषेची. भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा निरनिराळ्या माध्यमांच्या शाळा भरतात. बंद सॉफ्टवेअर कोणत्या भाषेत बोलेल हे कंपनीचा बाजार ठरवतो. मुक्त सॉफ्टवेअरचे भाषांतर ज्याला गरज आहे तो स्वतः हाती घेऊ शकतो. लिबरऑफिस मराठीत उपलब्ध आहे ते अशाच स्वयंसेवी कष्टांमुळे. एका संगणकावर टंकलेली मराठी प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर उघडताच निरर्थक चिन्हांची रांग दिसते, हा अनुभव शाळेच्या लिपिकांना नवा नाही. युनिकोडचे खुले प्रमाण आणि मुंबईत घडवलेल्या 'मुक्ता'सारखा खुल्या परवान्याचा टंक वापरला, तर तो बराचसा टळतो.

आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. कचेऱ्यांत दुसरेच सॉफ्टवेअर चालते, मग मुलांच्या नोकरीचे काय? परंतु तक्ता आखणे, समास राखणे, सूत्र लिहून बेरीज करणे ही कौशल्ये एका कंपनीच्या खिडकीत बंद नसतात. आज पाचवीत असलेले मूल नोकरीला लागेल तेव्हा आजची कोणतीच खिडकी तशीच उरलेली नसेल. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: बिघाड झाला तर धावून कोण येणार? जनगणना, निवडणूक आणि अहवाल यांनी आधीच वाकलेल्या शिक्षकावर हे नवे ओझे टाकून सरकारने मोकळे होऊ नये.

या प्रश्नाचे उत्तर केरळने देऊन ठेवले आहे. तेथे २००१ मध्ये शाळांसाठी 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला. पुढे शिक्षकांच्या आग्रहाने तो मुक्त सॉफ्टवेअरकडे वळला आणि २०१७ मध्ये 'काइट' या सरकारी कंपनीत रूपांतरित झाला. तेथील यशाचे मर्म हे, की प्रशिक्षक बाहेरून आणले नाहीत. शिक्षकांतूनच ते तयार केले आणि त्यांना त्यासाठी वेळ दिला. म्हणजे प्रत्येक शाळेला आपला जॉबर मिळाला.

महाराष्ट्राला साधनांची वाण नाही. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातून मराठी निवेदनासह छोटे पाठ तयार केले आहेत. केंद्र सरकारने २०१५ मध्ये आपल्या कारभारात मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. शिक्षक ज्या 'दीक्षा' मंचावर प्रशिक्षण घेतात, तोही मुक्त-स्रोत पायावर उभा आहे. उणीव आहे ती निश्चयाची.

हा निश्चय मंत्रालयातून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या सत्रात प्रत्येक शाळेने एक जुना संगणक बाजूला काढावा, त्यावर लिनक्स बसवावे आणि विज्ञानाच्या एखाद्या उत्साही शिक्षकाला आठवड्याचे दोन तास मोकळे करून द्यावेत. 'स्टेलॅरियम'मधून रात्रीचे आकाश दाखवावे, 'टक्स पेंट' लहानग्यांच्या हाती द्यावे. महाविद्यालयातील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी शेजारच्या शाळेचे पालकत्व घ्यावे.

एखादे चौकस मूल कधी तरी विचारीलच, "सर, हे आतून चालते कसे?" बंद यंत्रासमोर बसलेल्या शिक्षकाला त्या वेळी गप्प बसावे लागते. "ये, उघडून पाहू," असे म्हणण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्यानेच खऱ्या अर्थाने संगणक शिकवला असे म्हणता येईल.