गोमंतकातील नाताळाचे ताट

नाताळाच्या सुमारास वेताच्या करंडीत बिस्किटे, चॉकलेटे आणि सुकामेवा रचून, ती चकचकीत कागदात बांधून आप्तेष्टांस नजर करण्याची रीत आपल्या मोठ्या शहरांत आता पुरती रुळली आहे. तिचे मूळ इंग्लंडातले. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत आगगाड्यांचे जाळे देशभर पसरले, दूर राहणाऱ्या सोयऱ्यांना खाद्यपदार्थ धाडणे सुलभ झाले, आणि पिकॅडिलीतील फॉर्टनम अँड मेसनसारख्या, १७०७ सालापासून चालत आलेल्या पेढ्यांनी त्या करंडीला प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु घरी रांधलेल्या गोडाधोडाचे ताट नाताळात दारोदार पाठविण्याचा जो शिरस्ता गोमंतकातील ख्रिस्ती समाजाने पिढ्यानपिढ्या पाळला आहे, त्याचे नियम निराळे आहेत आणि त्यांचे मर्म ध्यानी आल्यावाचून घरगुती भेटीचे खरे शास्त्र कळावयाचे नाही.

या ताटाला तेथे ‘कोन्सुआदा’ म्हणतात. पोर्तुगालमध्ये हे नाव २४ डिसेंबरच्या रात्रीच्या कौटुंबिक भोजनाला आहे; गोव्यात मात्र ते शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाणाऱ्या मिष्टान्नांच्या ताटाला लाभले. ताटात काय असावे याची वहिवाट ठरलेली आहे. आपल्या करंजीची सख्खी बहीण शोभावी अशी नेवरी, माडाच्या गुळाचा काळाभोर दोदोल, हरभऱ्याच्या डाळीचे आणि खोबऱ्याचे दोस, पेरूच्या गराची पेराद, शिंपल्यासारखी वळलेली कुलकुले, रवा आणि नारळ यांची बोलिन्यास नावाची बिस्किटे, भाजलेल्या उकड्या तांदळाच्या पिठाचा पिनाग, आणि ऐपत असेल तर बेबिंक या थरांच्या मिठाईचा एक काप. ताटावर हाताने विणलेला जाळीचा रुमाल झाकून घरातील मुलांकरवी ते धाडले जाते.

या यादीकडे जरा चिकित्सक दृष्टीने पाहिले तर दोन पाकशाळांचा संगम तीत स्पष्ट दिसतो. खोबरे, तांदूळ, गूळ, वेलदोडा आणि तळणीची कढई ही सामग्री या भूमीची. पेरू आणि काजू ही दक्षिण अमेरिकेतील झाडे पोर्तुगीज अमदानीत येथे आली. आणि अंड्यांच्या बलकाचा सढळ वापर ही पोर्तुगालमधील मठांची देणगी. तेथे जोगिणींची वस्त्रे खळविण्यासाठी अंड्यांतील पांढरे खर्ची पडे आणि उरलेल्या बलकातून मिष्टान्ने सिद्ध होत, असे सांगतात. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातल्या बेबियाना नामक जोगिणीने प्रथम बेबिंक केली, ही कथाही त्याच कुळातली; तिचा पुरावा दप्तरी नाही, पण गोव्यात ती घरोघर प्रचलित आहे.

मात्र हा संगम सुखासुखी घडला नाही. १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायासनाने, नवख्रिस्ती प्रजेच्या घरांतून जुने आचार निपटून काढण्याचा चंग बांधला होता, आणि १७३६ सालच्या त्याच्या जाहीरनाम्यात विवाहप्रसंगी वधूवरांच्या घरी फुले, विड्याची पाने, सुपाऱ्या आणि फुगे नावाचे तळलेले पदार्थ पाठविण्यास मनाई केलेली आढळते. अ. का. प्रियोळकरांनी गोव्यातील इन्क्विझिशनवरील आपल्या १९६१ सालच्या ग्रंथात हा जाहीरनामा अभ्यासकांपुढे ठेवला आहे. हुकूम काढणारे न्यायासन १८१२ साली कायमचे बरखास्त झाले. पण गोव्यातील ख्रिस्ती लग्नांत वधूकडून वराच्या घरी जाणारे मिष्टान्नांचे ओझे आणि नाताळाचे ताट या दोन्ही चाली पुढेही नांदत राहिल्या. सोयऱ्याधायऱ्यांकडे अन्न धाडण्याची ओढ फर्मानाला पुरून उरणारी असते, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. नाताळाचे ताट रांधणाऱ्या गृहिणीचे पहिले कसब चुलीपुढे नव्हे, दिनदर्शिकेपुढे दिसते. जो पदार्थ सर्वांत अधिक टिकतो तो सर्वांत आधी, आणि जो लवकर नासतो तो सर्वांत शेवटी, हे तिचे सूत्र. त्यानुसार पहिला मान पेरादीचा. पिकलेले पेरू उकडून, गर चाळणीतून काढून बिया वगळाव्यात, गराच्या वजनाइतकीच साखर आणि थोडा लिंबाचा रस घालून मंद आचेवर तो सतत घोटावा, आणि गोळा भांड्याच्या कडा सोडू लागला की तूप लावलेल्या ताटात थापावा. लिंबाच्या आंबटपणाने पेरूतील पेक्टिन नीट घट्ट होते आणि साखरेचे पुन्हा खडे होणे टळते. शिवाय एवढ्या साखरेने फळातील पाणी असे बांधून ठेवलेले असते की बुरशीला ते मिळत नाही. म्हणून नीट आटलेली पेराद कोरड्या डब्यात दीर्घकाळ टिकते.

त्यामागून दोदोल. एक किलो माडाच्या गुळाला पाव ते अर्धा किलो तांदळाचे पीठ आणि चार-पाच नारळांचा रस, असे साधारण प्रमाण. पण प्रमाणापेक्षा येथे मनगट महत्त्वाचे. मिश्रण घट्ट होत जाते तसतसे ते तळाला लागू पाहते, आणि नारळाच्या रसातले तेल सुटून गोळा तकतकीत दिसू लागेपर्यंत ते हलवीत राहण्यावाचून गत्यंतर नसते. काही तासांचे हे काम एकट्याच्या आवाक्यातले नसल्याने घरातील माणसे पाळीपाळीने कालथा हाती घेतात. कुलकुलांचेही तसेच. मैद्यात थोडा रवा आणि नारळाचा रस घालून मळलेल्या पिठाची बोटाच्या पेराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ कंगव्यावर दाबून वळावयाची, हे काम लहान मुले हौसेने करतात. कुलकुले आणि नेवऱ्या नाताळाच्या आठवड्यात तळाव्या. नेवरीतले खोबरे मात्र आधी कोरडे होईतो परतून घ्यावे, कारण ओल्या खोबऱ्याइतका लवकर खवट होणारा जिन्नस स्वयंपाकघरात क्वचितच असेल.

बेबिंक सर्वांच्या शेवटी. नारळाचा घट्ट रस, साखर, पुष्कळ बलक, थोडा मैदा आणि जायफळ यांचे पातळ मिश्रण तूप घातलेल्या भांड्यात एक डाव ओतावे, त्याचा थर वरून खरपूस तांबूस झाला की पुन्हा तूप सोडून दुसरा डाव ओतावा, आणि असे निदान सात, हौस असल्यास सोळा थर चढवावेत. विस्तव वरून लागला पाहिजे हे या पदार्थाचे सगळे रहस्य आहे. त्यासाठी पूर्वी भांड्याच्या झाकणावर नारळाच्या सोडणांचा विस्तव ठेवीत, आता भट्टीतील वरच्या आचेवर तेच काम होते. एक थर पुरता भाजण्यापूर्वी पुढचा ओतण्याची घाई केली तर थर परस्परांत मिसळतात आणि बेबिंकचा साधा केक होतो.

भरणीबाबत दोन-चार गोष्टी आवर्जून सांगितल्या पाहिजेत, कारण चांगले रांधलेले पदार्थही पुष्कळदा डब्यात बिघडतात. तळलेला पदार्थ पूर्ण निवल्याखेरीज झाकण लावू नये. आतील वाफ निवून तिचे पाणी होते आणि बुरशीला आमंत्रण मिळते. कुरकुरीत कुलकुले आणि ओलसर दोदोल एकाच डब्यात ठेवले तर दोदोलाचा ओलावा कुलकुलांत शिरतो आणि ती मऊ पडतात. म्हणून एका करंडीत का होईना, दोन स्वतंत्र डब्यांची तजवीज करावी. थरांमध्ये लोणीकागद घालावा. अंडे न खाणाऱ्या घरी ताट जावयाचे असेल तर दोस, दोदोल, पेराद आणि नेवरी यांचीच निवड करावी, बेबिंक आणि बोलिन्यास वगळावीत. डब्यावर पदार्थ केल्याची तारीख आणि त्यात काजू वा अंडे आहे की नाही हे लिहिणे आजच्या काळात शिष्टाचाराचाच भाग मानला पाहिजे. परदेशी असलेल्या मुलाबाळांकडे डबा धाडण्यापूर्वी त्या देशाच्या जकातखात्याचे नियम पाहावेत, कारण दूध आणि अंडे यांच्या पदार्थांना अनेक ठिकाणी मज्जाव असतो.

ताट कोणाकडे जावे, हा या शिरस्त्याचा सर्वांत विचार करण्याजोगा भाग. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल त्या घरी नाताळात गोडधोड रांधीत नाहीत, आणि नेमक्या त्याच घरी शेजाऱ्यांची ताटे अगत्याने जातात. हिंदू शेजाऱ्याकडेही ताट जाते. चतुर्थीला आणि दिवाळीला त्याच्याकडून आलेल्या नेवऱ्यांची व फराळाची ती फेड असते, आणि पुढच्या चतुर्थीची नांदीही. हा जमाखर्च कोणी वहीत मांडीत नाही, तो कधी चुकताही होत नाही, आणि तो चुकता होऊ नये अशीच उभय पक्षांची इच्छा असते. कारण बाकी शून्य झाली तर व्यवहार थांबतो आणि त्याबरोबर जाणेयेणेही.

ही चाल गोव्यापुरती सीमित नाही. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकून घेईपर्यंत पोर्तुगीजांच्या अंमलाखाली असलेल्या वसई आणि साष्टी मुलखांत, तसेच मुंबईत, मराठीच्याच बोली बोलणारा जो ख्रिस्ती समाज आहे—ज्यातील पुष्कळांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले—त्यांच्याही घरी नाताळात कुलकुले वळली जातात आणि ताटे शेजारी फिरतात. मंगळुरी ख्रिस्ती लोकांत याच मेव्याला ‘कुस्वार’ म्हणतात.

अलीकडे यांतील बरेच पदार्थ बाजारात तयार मिळतात, घरगुती उद्योग करणाऱ्या स्त्रिया मागणीनुसार ते पुरवितात, आणि गोव्याच्या बेबिंकला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या सोयीला नाके मुरडण्याचे कारण नाही. नोकरी सांभाळणाऱ्या घराने सोळा थरांची बेबिंक स्वतःच रांधावी, असा आग्रह धरणे अन्यायाचे होईल. ती खुशाल विकत आणावी. मात्र ताटात निदान एक पदार्थ घरातील सर्वांनी मिळून केलेला असावा, आणि तो कुलकुलांसारखा, मुलांच्या हातांनाही झेपणारा असावा. ताट पोहोचविण्यास स्वतः जावे, ते कोणा पोऱ्यावर सोपवू नये. आणि यादी करताना प्रथम नाव त्या घराचे लिहावे, जिथे या वर्षी कढई चुलीवर चढणार नाही. एवढे पथ्य पाळले तर करंडी वेताची असो की पुठ्ठ्याची, तिच्यातील भेट शेजारधर्माला पुरेशी ठरते.