पहिली ट्रायथलॉन, कर्करुग्णांसाठी

‘येत्या हंगामात पहिल्यांदाच ट्रायथलॉनमध्ये उतरतो आहे, निमित्त कर्करुग्णांच्या मदतनिधीचे आहे, यथाशक्ती हातभार लावावा,’ अशा आशयाची विनंती एखाद्या सहकाऱ्याकडून वा शेजाऱ्याकडून आली, की दोन प्रश्न साहजिकच मनात येतात. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे यांचा कर्करोगाशी संबंध काय? आणि निधी जमवायचाच असेल, तर त्यासाठी कसलेला खेळाडू सोडून या खेळात अगदी नवखा असलेला माणूस संस्थांना का हवा असतो? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे न्यूयॉर्कमधील १९८८ सालच्या एका प्रयोगात सापडतात.

ब्रूस क्लेलँड यांच्या दोन वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. तिच्या उपचारांच्या काळात त्यांनी ३८ जणांचा गट जमवला, त्यांच्याकडून न्यूयॉर्क मॅरेथॉनची तयारी करवून घेतली आणि ‘ल्युकेमिया सोसायटी ऑफ अमेरिका’ या संस्थेसाठी ३ लाख २२ हजार डॉलर उभे केले. (ही संस्था २००० पासून ‘ल्युकेमिया अँड लिम्फोमा सोसायटी’ झाली आणि २०२५ मध्ये तिने ‘ब्लड कॅन्सर युनायटेड’ हे नाव घेतले.) या गटाच्या प्रयोगातून ‘टीम इन ट्रेनिंग’ हा उपक्रम उभा राहिला. पुढे त्यात सायकल मोहिमा आल्या, ट्रायथलॉन आली. आजवर या उपक्रमाने दीड अब्ज डॉलरहून अधिक निधी जमवल्याचे संस्था सांगते. उपक्रमाच्या नावात स्पर्धेचा उल्लेख नाही, सरावाचा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

व्यवहार सरळ आहे. संस्था नवख्या माणसाला प्रशिक्षक, सरावाचे वेळापत्रक, सोबतीला गट आणि स्पर्धेतील प्रवेश देते. त्या बदल्यात तो ठरावीक किमान रक्कम जमवण्याचे वचन देतो. सराव सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी एक तारीख येते. तोपर्यंत माघार घेता येते. त्यानंतर मात्र किमान रकमेत तूट राहिली, तर ती सहभागी व्यक्तीलाच भरून द्यावी लागते. भावनेच्या भरात नाव नोंदवणाऱ्यांना ही अट अनेकदा उशिरा उमगते.

नवखाच का हवा, याचे उत्तर देणाऱ्याच्या मनात आहे. नियमित धावणाऱ्याने आणखी एक स्पर्धा पूर्ण केली, तर त्यात परिचितांना नवल वाटत नाही. पण जिना चढताना धापा टाकणारा, पाण्यात छातीपलीकडे कधी न गेलेला लेखा विभागातील सहकारी पहाटे पाच वाजता तरणतलाव गाठतो आहे, हे चार महिने डोळ्यांसमोर दिसत राहिले, की खिशात हात जातो. निधी प्रत्यक्षात जमतो तो या चार महिन्यांत. स्पर्धेचा दिवस त्या हिशेबाची केवळ अखेरची तारीख असते.

पाण्याचा पेच

ट्रायथलॉनचे अनेक प्रकार आहेत. ऑलिम्पिकमध्ये २००० च्या सिडनी स्पर्धेपासून जो प्रकार खेळला जातो, त्यात दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. ‘स्प्रिंट’ या छोट्या प्रकारात ही सर्व अंतरे निम्मी असतात आणि पहिल्या प्रयत्नासाठी तोच योग्य. साधारण निरोगी प्रौढाला त्यासाठी १२ ते १६ आठवडे पुरतात. अट एवढीच, की त्याला पोहता येत असावे.

आणि बहुतेकांचे घोडे तिथेच अडते. आपल्याकडे ‘पोहता येते’ याचा अर्थ पुष्कळदा ‘बुडत नाही’ एवढाच असतो. पंचवीस मीटरच्या तलावात ७५० मीटर म्हणजे ३० फेऱ्या. नवखा माणूस दोन फेऱ्यांत दमतो, तो दम कमी असल्यामुळे नव्हे, तर श्वास रोखून धरल्यामुळे. तोंड पाण्यात असताना श्वास सोडायचा आणि मान वळवताच घ्यायचा, ही साधी लय अंगवळणी पडायला पहिला महिना जातो. पायांनी जोरजोरात पाणी मारण्याचा मोहही आवरावा लागतो; तेच पाय पुढे सायकलवर आणि रस्त्यावर लागणार असतात.

तलाव जमला म्हणजे समुद्र जमला, असे मात्र नाही. तिथे तळाशी आखलेली रेघ नसते, धरायला कठडा नसतो, आजूबाजूला शेकडो हातपाय चालत असतात. दर काही हातांनंतर मान उचलून दिशादर्शक बोया पाहावा लागतो, अन्यथा माणूस भलतीकडेच जातो. परदेशी पुस्तकांत ज्या वेटसूटचे वर्णन असते, तो शरीराला तरंगायला मदत करतो. पण आपल्या किनाऱ्याच्या उबदार पाण्यात तो आधार सहसा मिळत नाही. म्हणून स्पर्धेपूर्वी प्रशिक्षक आणि जीवरक्षक सोबत असताना मोकळ्या पाण्यात काही वेळा पोहणे अनिवार्य मानले पाहिजे.

ही सूचना कोरडी वाटू नये म्हणून एक आकडेवारी. अमेरिकेतील १९८५ ते २०१६ या काळातील ट्रायथलॉन स्पर्धांचा अभ्यास २०१७ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यू आणि हृदयक्रिया बंद पडण्याच्या १३५ घटना नोंदल्या असून त्यांपैकी ९० पोहताना घडल्या होत्या. ज्या ६८ जणांच्या पूर्वानुभवाची माहिती मिळाली, त्यांपैकी २६ जणांची ती पहिलीच स्पर्धा होती. लाखो सहभागींच्या तुलनेत ही संख्या अल्प आहे; परंतु चाळिशीपुढच्या नवख्याने सरावाआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, एवढे सांगायला ती पुरेशी आहे.

सायकल त्या मानाने सोपी. महागडी सायकल घेण्याची घाई नको. बैठकीची उंची नीट बसवलेली आणि ब्रेक चांगले असलेली साधी सायकलही पहिल्या स्पर्धेला चालते. नवलाची गोष्ट घडते ती सायकलवरून उतरल्यावर. तासभर गोल फिरलेल्या पायांना अचानक धावायला सांगितले, की ते लाकडासारखे जड होतात. म्हणून आठवड्यातून एकदा सायकल आणि लगेच धावणे असा जोडसराव करायचा असतो. त्याला ‘ब्रिक’, म्हणजे वीट, म्हणतात आणि पहिल्या दिवशी ते नाव अगदी चपखल वाटते. कपडे-बूट बदलण्याचा वेळही स्पर्धेच्या वेळेत धरला जातो, त्यामुळे त्याचीही रंगीत तालीम करावी लागते.

वचनाचे ओझे

देणग्यांचे वचन नवख्याला पहाटे अंथरुणातून उठवते, हे खरेच. पण तेच वचन त्याला विश्रांतीही घेऊ देत नाही. गुडघा किंवा पोटरी दुखू लागली, तरी ‘लोकांनी पैसे दिले आहेत’ या भावनेने माणूस धावत राहतो आणि आठवडाभराच्या विश्रांतीने बरी झाली असती अशी दुखापत महिनोन्‌महिने सोबत करते. लोकांनी देणगी दिली ती रुग्णांसाठी. पदकासाठी किंवा लंगडत गाठलेल्या अंतिम रेषेसाठी नव्हे. स्पर्धा हुकली तरी जमलेला निधी संस्थेकडेच राहतो, हे सहभागींना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगायला हवे.

याबाबत इंग्लंडमधील लीड्सच्या जेन टॉमलिन्सन यांचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण ते जपून द्यावे. स्वतः रेडिओग्राफर असलेल्या जेन यांना कर्करोग हाडांत पसरल्याचे आणि तो बरा होण्याजोगा नसल्याचे २००० मध्ये सांगण्यात आले. त्यानंतर त्यांनी २००२ मध्ये लंडन मॅरेथॉन आणि लंडन ट्रायथलॉन, तर २००४ मध्ये फ्लोरिडातील पूर्ण आयर्नमॅन पार केली. सप्टेंबर २००७ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर सुमारे साडेअठरा लाख पौंड जमले होते. त्यांचे धैर्य असामान्य होते. म्हणूनच ते इतर रुग्णांना लावायचे माप होऊ शकत नाही.

मग हा पैसा जातो कुठे? ‘टीम इन ट्रेनिंग’च्या संस्थेने ज्यांना अनुदान दिले, त्यांत ओरेगॉनचे डॉ. ब्रायन ड्रुकर हे संशोधक होते. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियावरील ‘इमॅटिनिब’ या औषधाच्या विकासात त्यांचा मोलाचा वाटा होता. मे २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि जीवघेणा आजार अनेकांसाठी रोज गोळी घेऊन आटोक्यात ठेवण्याजोगा झाला. या कथेचा उत्तरार्ध मुंबईचा आहे. नोव्हार्टिस कंपनीचे ‘ग्लिव्हेक’ महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध ८ ते १० हजारांना मिळत होते. ग्लिव्हेकच्या पेटंटला विरोध करणाऱ्यांत १९६९ पासून कार्यरत असलेली मुंबईची ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ होती आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. औषध शोधण्यासाठी जसा निधी लागतो, तसाच ते रुग्णाच्या आवाक्यात ठेवण्यासाठीही लागतो. आपल्याकडे तर रुग्णासोबत गावाहून आलेल्या नातेवाइकांचा निवारा आणि जेवण हाही मोठा खर्च असतो.

मुंबईत धावण्याला देणगीची जोड २००४ मध्ये सुरू झालेल्या मॅरेथॉनमुळे मिळाली. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये पहिली ‘आयर्नमॅन ७०.३’ झाली, तेव्हापासून मराठी मुलखातही या खेळाचे वेड वाढले. मात्र १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे हा पहिला प्रयत्न नव्हे. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाचा विषय आहे.

देणाऱ्यानेही चौकशी करायला संकोचू नये. प्रवेशशुल्क, प्रवास आणि सायकल यांचा खर्च सहभागी स्वतः करतो आहे की देणगीतून, हे विचारावे. पैसे त्याच्या खात्यात न भरता थेट संस्थेच्या खात्यात भरावेत आणि पावती घ्यावी. करसवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते, तीही संस्था मान्यताप्राप्त असेल तर. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख दिल्यास मिळत नाही. आणि स्पर्धा आटोपली म्हणून उशीर झाला, असे समजण्याचे कारण नाही. बहुतेक संस्था त्यानंतरही काही आठवडे खाते खुले ठेवतात.