कालबाह्य चाचणी-साधनांचा प्रश्न : ‘नोज’चे उदाहरण

सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित चाचणीत दोन आज्ञावली परस्परांसमोर उभ्या असतात. एक, जिची परीक्षा घ्यावयाची ती. दुसरी, जी परीक्षा घेते ती. पहिलीच्या गुणदोषांची चर्चा विपुल होते. दुसरीकडे मात्र दुकानातील तराजूकडे पाहावे तसे पाहिले जाते. वास्तविक तराजूवरही ठरावीक मुदतीने पडताळणीचा शिक्का पुन्हा मारून घ्यावा लागतो. चाचणी-साधनाच्या बाबतीत तेवढीही दक्षता सहसा घेतली जात नाही. हे साधन भाषेच्या विशिष्ट आवृत्तीवर, तिच्या प्रमाण-संग्रहावर आणि इतरांनी लिहिलेल्या अनेक घटकांवर अवलंबून असते. हे आधार पुढे सरकत राहतात आणि साधन जागीच थांबते. अशा वेळी त्याने दिलेल्या निर्णयाचे मोल काय, हा येथील विवेच्य प्रश्न होय.

पायथन भाषेतील ‘नोज’ या साधनाचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. चाचण्या आपोआप शोधून काढून त्या चालविणारे हे साधन शास्त्रीय संगणनाच्या क्षेत्रात विशेष रूढ होते. त्याची १.३.७ ही अखेरची आवृत्ती २०१५ साली निघाली व पुढे त्याची देखभाल थांबली. ‘नम्पाय’ या सुप्रसिद्ध संग्रहाने २०१८ मध्ये १.१५ या आवृत्तीपासून नोज सोडून ‘पायटेस्ट’चा स्वीकार केला. असंख्य लहान प्रकल्प मात्र नोजवरच राहिले. साधन चालत होते, मग ते बदलावयाचे कशासाठी?

दरम्यान पायथनमध्ये एक बदल घडत होता. ‘कलेक्शन्स’ या विभागातील ‘कॉलेबल’ इत्यादी अमूर्त वर्ग २०१२ सालच्या ३.३ या आवृत्तीत एका उपविभागात हलविण्यात आले. जुनी नावे सोयीसाठी तशीच ठेवली गेली, २०१८ पासून त्यांच्या वापरावर इशारा दिसू लागला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. नोजच्या अंतर्भागात जुने नाव होते. परिणामी, एकाही चाचणीत दोष नसताना संपूर्ण चाचणी-संच कोसळू लागला. नऊ वर्षांची ही मुदत अपुरी होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु इशारा वाचून दुरुस्ती करणारा देखभालकर्ताच उरला नव्हता.

तथापि असे उघड कोसळणे हा या रोगाचा सौम्य प्रकार होय. ते निदान दिसते. अधिक घातक प्रकार स्थलांतराच्या वेळी उद्भवतो, आणि तो दिसत नाही. नोजमध्ये ‘यील्ड’ या शब्दाच्या साहाय्याने चाचण्या निर्माण करण्याची सोय होती. एकच नियम शंभर संख्यांवर तपासावयाचा असेल, तर फंक्शनमध्ये एक आवर्तन लिहून प्रत्येक फेरीत एकेक चाचणी बाहेर द्यावयाची; नोज त्या शंभरही चाचण्या स्वतंत्रपणे चालवीत असे. आता पायथनचा नियम असा की, ज्या फंक्शनमध्ये ‘यील्ड’ आहे, त्यास नुसती हाक दिल्याने त्याच्या अंगातील एकही ओळ चालत नाही. केवळ एक जनित्र-वस्तू हाती येते. हेच फंक्शन प्रमाण-संग्रहातील ‘युनिटटेस्ट’च्या वर्गात यांत्रिकपणे उतरविल्यास चाचणी ‘उत्तीर्ण’ ठरते, कारण काही घडलेलेच नसते. पायटेस्टनेही नोव्हेंबर २०१८ मधील ४.० या आवृत्तीपासून अशा चाचण्या चालविणे बंद केले. त्यांची नोंद ‘अपेक्षित अपयश’ अशी होई व सोबत एक इशारा येई. एकूण निकाल हिरवाच राही. २०२५ सालच्या ८.४ या आवृत्तीत मात्र ही स्पष्ट त्रुटी ठरविण्यात आली. म्हणजे मधल्या साडेसहा वर्षांत इशाऱ्यांकडे काणाडोळा करणाऱ्याचा संच न चाललेल्या चाचण्यांच्या आधारे आज्ञावलीस निर्दोष ठरवीत असणे सहज शक्य होते.

दुसरे उदाहरण पूर्वतयारीचे. नोजच्या पद्धतीने लिहिलेल्या ‘सेटअप’ या साध्या नावाच्या पद्धती पायटेस्ट बराच काळ चालवून घेत असे. ही सवलत २०२४ मध्ये ८.० या आवृत्तीत संपली. पूर्वतयारीत निर्माण होणारी वस्तू चाचणीस आवश्यक असेल, तर त्रुटी लगेच कळते. पूर्वतयारीचे काम जर जुनी माहिती पुसून टाकण्याचे असेल, तर चाचणी पूर्वीच्या अवशेषांवर चालते आणि क्वचित उत्तीर्णही होते. अर्धवट स्थलांतर करून थांबणाऱ्यांना हा फटका बसला.

यावरून स्थलांतराची पहिली पायरी निश्चित होते: मोजणी. जुन्या साधनाने किती चाचण्या प्रत्यक्ष चालविल्या आणि नवे किती चालविते, यांची नावानिशी तुलना केली पाहिजे. शंभरांच्या जागी एक आढळल्यास कारण तेथेच सापडते. संख्या वाढली तरी चौकशी आवश्यक आहे. नोज चालविण्याची परवानगी असलेल्या फायली मुळात वगळीत असे, म्हणून वर्षानुवर्षे न चाललेल्या चाचण्या नव्या साधनात प्रथमच उजेडात येतात. मोजणी जुळल्यावरही प्रत्येक चाचणीत दोष पकडण्याची शक्ती शिल्लक आहे की नाही, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी १९७८ साली डीमिलो, लिप्टन व सेवर्ड यांनी मांडलेली कल्पना उपयोगी पडते: मूळ आज्ञावलीत बुद्ध्या लहान दोष घालावयाचा व संच तो पकडतो काय ते पाहावयाचे. जुन्या साधनाने पकडलेला दोष नव्यातून निसटला, तर स्थलांतर सदोष आहे. भाषेची आवृत्ती आणि चाचणी-साधन ही दोन्ही एकाच वेळी बदलू नयेत, हे त्यामुळेच. अन्यथा फरक कोणामुळे पडला हे सांगता येत नाही.

सर्व आधारांच्या आवृत्त्या गोठवून ठेवण्याचा उपाय पुष्कळजण सुचवितात. त्याची योग्यता हेतूवर अवलंबून आहे. जुन्या प्रबंधातील आकडे पुन्हा काढून पाहावयाचे असतील, तर गोठविलेले जुने वातावरण हेच योग्य. तेथे नोज असणे दोष नव्हे, उलट नवे साधन आणल्याने तुलनाच बिघडेल. परंतु ज्या आज्ञावलीवर पुढील संशोधन उभारावयाचे आहे, तिच्यासाठी गोठविणे म्हणजे सुरक्षाविषयक दुरुस्त्यांनाही पारखे होणे होय. अशा ठिकाणी आवृत्त्या निश्चित कराव्यात, मात्र त्याबरोबर दुसरी एक फेरी नव्या आवृत्त्यांवर नियमितपणे चालवावी आणि तिच्यात कालबाह्यतेचे इशारे हीच त्रुटी मानण्याची आज्ञा द्यावी. पायथनमध्ये त्याकरिता आरंभीच एक पर्याय देता येतो, आणि २०१८ सालचा ‘कॉलेबल’विषयीचा इशारा अशा फेरीत पहिल्याच दिवशी आढळला असता.