जंतांची गोळी आणि जंतांचे चित्र

जंतनाशक दिनी जालना जिल्ह्यातील शाळांत शिक्षक समोर उभे राहून मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला लावतात, आणि २०१५ साली ज्या अकरा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला त्यांत महाराष्ट्र होता, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु जी गोळी आज पोटात असलेल्या जंतांचा नाश करते तिला उद्या पोटात जाणाऱ्या अंड्यांचा बंदोबस्त करता येत नाही, हे सत्य मुलांच्या कानांवर त्याच दिवशी, त्याच वर्गात पडले पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

हे अंडे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि सारी अडचण तेथेच आहे. गोलकृमीची एक मादी दिवसाकाठी सुमारे दोन लाख अंडी घालते; उघड्यावरच्या शौचातून ती मातीत मिसळतात, तेथे दोन-तीन आठवड्यांत संसर्गक्षम होतात, आणि बोरीखाली पडलेली बोरे सदऱ्याला पुसून तोंडात टाकणाऱ्या, किंवा गोट्या खेळून नखांतल्या मातीसकट खिचडीच्या ताटावर बसणाऱ्या मुलाच्या पोटात जातात. अंकुशकृमीची तऱ्हा निराळी : त्याची अळी ओल्या, सावलीच्या मातीतून अनवाणी पावलाच्या कातडीत शिरते, पुढे आतड्याला चिकटून रक्त शोषते, आणि मूल फिकट पडते, त्याला धाप लागते, त्याचे अभ्यासात चित्त राहत नाही, घरची माणसे मात्र त्याला आळशी ठरवतात.

अदृश्य ते दृश्य करणे हे चित्राचे काम. चीनच्या हुनान प्रांतात ३८ शाळांतील नऊ-दहा वर्षांच्या मुलांना सरसकट औषध दिल्यानंतर निम्म्या शाळांत बारा मिनिटांचा एक कार्टूनपट दाखवण्यात आला, ज्यात जादूचा चष्मा चढवताच जंतांची अंडी दिसू लागतात. त्यावर वर्गात चर्चाही झाली. शालेय वर्षाच्या अखेरीस, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, इतर शाळांत ८.४ टक्के मुलांना नव्याने जंत झाले होते, तर चित्रपट पाहिलेल्या शाळांत ४.१ टक्के.

समजावून रोग हटवण्याचा हा मार्ग आपल्या मुलखालाही अपरिचित नाही. पायऱ्यांच्या विहिरींतून पसरणाऱ्या नारू या जंतरोगावर ना लस होती ना रामबाण औषध. पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्या, जखमेचा पाय विहिरीत घालू नका, हे गावोगाव समजावून आणि विहिरींची दुरुस्ती करूनच तो हटला. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला.

अंबड, घनसावंगी, परतूरच्या गुरुजनांना म्हणूनच विनंती, की गोळी देण्याआधी जंतांचा हा जीवनक्रम फळ्यावर काढावा, मुलांकडून काढून घ्यावा. आणि ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तेथे शाळेच्या नळाला पाणी व शेजारी साबण राहील, याची तजवीज ग्रामपंचायतीने करावी.