उन्हाळा आणि आईपण

आपल्या स्मरणिकेत व्यवसायातील अनुभव लिहिण्याची प्रथा आहे. या वेळी मात्र मी स्वतःच्या आजाराविषयी लिहीत आहे, कारण त्याचा एक पैलू आपल्या दवाखान्यांत समोर येऊनही बहुधा दुर्लक्षित राहतो. २००६ मध्ये मला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे निदान झाले, तेव्हा माझी कन्या पाच वर्षांची होती. औषधोपचाराने आजार बराचसा आटोक्यात राहिला. आटोक्यात न येणारा होता तो आपल्या बडोद्याचा उन्हाळा.

श्रमानंतर या रुग्णांची दृष्टी काही काळ मंदावते, असे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० साली नोंदविले. त्यामागे शरीराची वाढलेली उष्णता असते, हे पुढे स्पष्ट झाले. मायलिनचे आवरण झिजलेल्या मज्जातंतूतून संदेश कसाबसा पुढे सरकत असतो. तापमान वाढले की सोडियमच्या वाहिन्या अधिक लवकर मिटतात आणि तो संदेश वाटेतच थांबतो. त्यासाठी ताप यावा लागत नाही. अर्ध्या अंशाची वाढही पुरेशी ठरू शकते. एके काळी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून या आजाराची परीक्षा करीत असत, एवढे हे नाते निकटचे आहे.

एप्रिल उजाडला की दुपारी दवाखान्यातून घरी येईपर्यंत माझा डावा पाय ओढल्यासारखा होई, अक्षरे पुसट दिसत. आणि मुलांची मोठी सुट्टी नेमकी मे महिन्यात! मुलगी खेळायला बोलावी आणि मी अंथरुणावर पडून असे. एकदा तिने आजीला विचारले, "मी आईला फार पळवते, म्हणून तिचा पाय दुखतो का?"

चार ते सात वर्षांची मुले घरातल्या दुःखाचे कारण स्वतःतच शोधतात, हे बालरोगतज्ज्ञाला नवे नाही. ते आपल्या घरात ऐकणे मात्र निराळे असते. त्याच संध्याकाळी मी तिला सांगितले, "आईच्या अंगातल्या वायरींचे वेष्टन काही ठिकाणी झिजले आहे. उन्हाने त्या तापल्या की दिवा मिणमिणतो, गार झाल्या की पुन्हा नीट लागतो. तुझ्यामुळे काहीही होत नाही." दुसऱ्या दिवसापासून ती माठातल्या पाण्यात नॅपकिन भिजवून माझ्या मानेवर ठेवू लागली. पण मुलाने सेविका होऊ नये, याचेही भान आवश्यक होते. नॅपकिन ठेवून झाला की ती खेळायला जाईल, असा नियम आम्ही ठरविला.

आईपण सोडायचे नव्हते. त्याची वेळ बदलायची होती. कमाटी बागेत आम्ही सकाळी सहाला जाऊ लागलो. दुपारी जमिनीवर बसून पत्ते, कॅरम आणि गोष्टी. बाहेर पडण्यापूर्वी थंड पाण्याने स्नान आणि बर्फाचे पाणी पिणे यांनी बराच अवधी मिळतो. मेच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम काम देतो; जूनच्या दमट हवेत तो निरुपयोगी ठरतो, तेव्हा निदान एका खोलीत एअर कंडिशनर लागतोच. बालकांच्या संगतीत ताप येणारच. तो लगेच उतरविणे ही माझ्या दृष्टीने चैन नव्हे, गरज आहे.

व्यवसायबंधूंसाठी तीन गोष्टी. पहिली, उष्णतेमुळे वाढलेली लक्षणे शरीर थंड झाल्यावर ओसरतात आणि त्यामुळे मज्जासंस्थेची नवी हानी होत नाही. रुग्णाला हे स्पष्ट शब्दांत सांगावे. निम्मी भीती तेथेच संपते. चोवीस तासांहून अधिक टिकणारी नवी लक्षणे मात्र न्यूरॉलॉजिस्टला दाखवावीत, आणि अचानक आलेली एका बाजूची अशक्तता 'उन्हाची' म्हणून सोडून देऊ नये. दुसरी, मूत्राशयासाठी दिले जाणारे ऑक्सिब्युटिनिन घाम कमी करते. उन्हाळ्यात त्याचा पुनर्विचार करावा. तिसरी, ऊन न सोसणारे पालक केवळ माझ्या आजाराचे नसतात. थायरॉइडची अतिक्रिया असलेली किंवा लघवी वाढविणारी औषधे घेणारी आईही आपल्यासमोर बसलेली असते.

२०१० च्या भीषण लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आखला. वृद्ध, अर्भके आणि उन्हात राबणारे श्रमिक यांची काळजी त्यामुळे चर्चेत आली. घरात मूल वाढविणारा आजारी पालक मात्र बाहेरून धडधाकट दिसतो. मुलाला बागेत न नेणारी, पालकसभेला न येणारी आई बेपर्वा आहे, असा निष्कर्ष शेजारी काढतात आणि कधी कधी आपणही.

अशा पालकांना सकाळची वेळ द्यावी, कूलरजवळची खुर्ची द्यावी. मुलाचे वजन, उंची आणि लसीकरण विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा : घरात उन्हाळा कोणाला सोसत नाही? उत्तर 'मला' असे आले, तर त्या मुलालाही जवळ बसवून सांगावे की हे तुझ्यामुळे नाही. आईने सांगितलेले डॉक्टरांच्या तोंडून पुन्हा ऐकले की मुलांचा त्यावर अधिक विश्वास बसतो.